कर्त्याची जागा

हिंडलग्याच्या तुरुंगात माझी खोली
शिवणकामाच्या शेडला लागून.
भिंतीपलीकडे वीस मशिनं चालायची,
कुणाच्या तरी गणवेशांना बाह्या लागायच्या,
अलीकडे मी विचारायची,
‘त्या रात्रीचं सांग.’

‘झालं, बाई.’
‘काय झालं?’
‘झालं की ते. हातनं झालं.’

सव्वीस वर्षं मी हेच मोजलं.
दोनशे बारा माणसं, वहीच्या मधोमध उभी रेघ,
डावीकडे झालं, उजवीकडे केलं.
कन्नड बोलणाऱ्यांसाठी आयतु आणि माडिदे.
सीमेचा वाद कोर्टात पडून आहे,
पण कर्ता कुठं लपवायचा
हे दोन्ही भाषांना सारखंच ठाऊक.

धारवाडच्या परिषदेत मी तक्ते दाखवले.
मागून कुणीतरी विचारलं,
व्याकरणानं माणूस सुधारतो का?
म्हटलं, नाही,
पण उजव्या रकान्यात न येता सुधारलेला
मला अजून भेटायचाय.
टाळ्या पडल्या. जेवणात मांडे होते.

वडगावचा लुमाण्णा, मागावर बसणारा,
त्याला सात वर्षं लागली.
गुरुवारच्या गटात, आठ जणांच्या गोलात,
आधी म्हणायचा दारूनं केलं,
मग रागानं केलं,
मग एकदा गुडघ्यावरचा धागा काढत
(धागा नव्हताच, हाताची सवय)
म्हणाला, ‘शुद्धीत होतो मी.
दार आतनं मीच लावलं होतं.’
पलीकडची मशिनं तेव्हा जेवायला थांबलेली.
कबूल करते, मला आनंद झाला.
असल्या वाक्याचा आनंद होणारी बाई
घरी जाऊन कुणाशी काय बोलणार?
कॅम्पातल्या बेकरीतून नानकटाई घेतली
आणि बसस्टॉपवर उभ्यानं संपवली.

भरमाचं वेगळं.
तो दुसऱ्याच महिन्यात ‘मी केलं’ म्हणाला,
स्पष्ट, दोन्ही भाषांत, डोळ्यांत बघून.
एवढं सरळ येतं तेव्हा थांबायचं असतं,
हे नवख्यांना मीच शिकवायची.
मी उजवीकडे रेघ ओढली.
अहवालात लिहिलं, पुनरावृत्तीचा धोका कमी.
सही. शिक्का.
सुटल्यावर अकराव्या महिन्यात, खानापूरच्या बाजूला,
भाताच्या खळ्यावर, एक मुलगी.
नाव लिहीत नाही. वहीतही लिहिलं नाही.

चौकशीचं पत्र आलं.
मी उत्तर टाईप केलं,
‘मूल्यमापनात त्रुटी राहून गेली.’
राहून गेली.
जशी छत्री राहून जाते, डबा राहून जातो.
लुमाण्णाला या एका वाक्यावर मी
आणखी सात वर्षं बसवलं असतं.

निवृत्तीला महिना झाला.
परवा खानापूरची बस धरली.
तिची आई अंगणात रताळी निवडत होती,
मोठी बाजाराला, किडकी घराला.
मी वाक्य पाठ करून गेले होते.
अर्ध्यावर तिनं मातीचा हात वर केला,
‘आयतु बिडरी, बाई. झालं ते झालं.’

दोनशे बारा जणांकडून जे मी कधी घेतलं नाही
ते तिनं माझ्यापुढं ठेवलं,
दारी आलेल्याला ताट ठेवावं तसं.

‘नाही,’ म्हटलं. ‘सही मी केली.’

तिनं बघितलं माझ्याकडं. बराच वेळ.
रस्त्यावरून वाळूचा टिप्पर गेला, कोंबड्या पांगल्या.
पाणी विचारलं नाही.
किडक्या रताळ्यांची बुट्टी पायानं पुढं सरकवली,
‘मग बसा. कीड काढू लागा.’

शेवटची बस सव्वासहाला होती.
मी विळी मागितली.