एकशे एकोणीस नंबरची गाडी

ओवळ्याला, घोडबंदर रोडच्या कडेला
लग्नाचा हॉल आहे,
तिथे मी लोकांच्या गाड्या लावतो.
लाल जाकीट कंपनीचं, बूट माझे.

किल्ली कुठे घालायची, ते बघावं लागत नाही,
हातालाच ठाऊक असतं.
बहुतेक स्टिअरिंगच्या मानेला, उजवीकडे.
नव्या गाड्यांना नुसतं बटण,
लिफ्ट बोलवावी तसं दाबायचं.
एका ॲम्बॅसॅडरला होतं डॅशबोर्डवर, मधोमध,
बेंबीसारखं.

सीट किती मागे, आरसा किती खाली,
यावरून मला मालक कळतो.
चेहरे लक्षात राहत नाहीत.

गोरज मुहूर्ताला आली एकशे एकोणीस.
काळी, जुनी, बाहेरच्या देशातली.
बाईंनी किल्ली माझ्या हातावर टाकली
नि धावल्या आत,
मंगलाष्टकं सुरू झाली होती.

मी बसलो. हात गेला उजवीकडे.
नाही.
डावीकडे. नाही.
रेडिओ, घड्याळ, सिगारेट पेटवायचं छिद्र,
त्यातही किल्ली घालून पाहिली,
खोटं कशाला बोलू.
मोबाईलचा टॉर्च दातांत धरून
स्टिअरिंगखाली वाकलो:
वायरी, धूळ, एक लवंग.
मागे तीन हॉर्न. सुपरवायझर:
"ए भोईर, झोपलास काय रं?"

आणि जागा कुठली, तर आमचीच.
हे पार्किंग म्हणजे थोरल्या काकाचं खाचर.
अमावस्येलासुद्धा इथला बांध
पायांना बरोबर सापडायचा.
खेकड्याचं बीळ कुठलं, सापाचं कुठलं,
बोट न घालता सांगायचो मी,
आठ वर्षांचा असताना.

शेवटी आत माईकवर पुकारा झाला.
डॉक्टर गुप्तेबाई आल्या,
मुठीत अक्षता तशाच.
शेजारच्या सीटवर बसल्या, दार उघडंच.
मला वाटलं, आता ओरडतात.

"तिथे नाही रे. इथे."

दोन सीटच्या मध्ये, गिअरच्या मागे, खाली,
जिथे पडलेली नाणी आणि
शेंगदाण्याची टरफलं सापडतात, तिथे.
"धडक बसली तर गुडघा फुटू नये म्हणून म्हणे.
मला स्वतःला दोन दिवस लागले होते.
ह्यांना विचारायचं नव्हतं."

पुढे काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

क्लच दाबला, किल्ली फिरवली.
गाडी कण्हली, खोकली,
मग मांडीवरच्या मांजरासारखी गुरगुरू लागली.
बाईंची मूठ सैल झाली,
निम्म्या अक्षता सीटवर, थोड्या माझ्या जाकिटावर.
उतरता उतरता म्हणाल्या,
"आणि हो, रिव्हर्स टाकल्याशिवाय किल्ली सुटत नाही.
उगाच ओढत बसू नकोस."

अगदी मागे नेऊन लावली,
जिथे उंबर होता, तिथे.
इंजिन बंद. किल्ली ओढली. नाही सुटली.
हसू आलं.
रिव्हर्स टाकला.
अलगद आली हातात.

येऊरच्या डोंगराकडून वारा सुटला होता.
उतरायचं होतं. एकशे वीस येऊन उभी होती.
तरी बसलो एक मिनिट,
सीटच्या फटीत हात घालून,
त्या भोकावर बोट ठेवून.

तोंडाशी उपसलेली ओली माती नव्हती.
पण बोट म्हणालं, खेकड्याचं.