शेरे

शाळेचा वजनकाटा त्या वर्षी बिघडला होता,
म्हणून मुलांची वजनं केली बंदरावर,
मासळीच्या काट्यावर.
खवल्यांनी चिकटलेल्या पाटीवर
एकेक जण उकिडवा बसला,
आणि टोपली उतरवता उतरवता रुक्मीण तांडेल ओरडली,
"मास्तरांनू, ह्यो बांगडो केवढ्याक?"
सगळे हसले. मीही हसलो.
तिला उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

गोव्याच्या क्लबाला पाच मुलं हवी होती.
पगारी. करार, बूट, राहायला खोली.
वेंगुर्ल्यात कॅम्पच्या मैदानावर आली एकतीस,
अर्धी अनवाणी.
तीन दिवस पळवली. चौथ्या दिवशी पाच नावं लिहिली,
प्रत्येकापुढे एक शेरा,
पोस्टाच्या शिक्क्यासारखा ठाम.

दिगंबर गिरप. "देशासाठी खेळेल."
खाली दोन रेघा.
गुडघा गेला तो सामन्यात नाही,
हॉस्टेलमागच्या गटारावरून उडी मारताना.
आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडतो.
वारा फिरणार असला की त्याच्या गुडघ्याला कळतं,
खात्याच्या आधी.
होडीवाले त्याला विचारूनच समुद्रात जातात.

कैतान रॉड्रिग्ज. "डावा पाय सोन्याचा. डोकं तापट."
दोन्ही खरं निघालं, दुसरं आधी.
सध्या कुठल्याशा जहाजावर वाढपी आहे.
फोनवर म्हणाला, जहाज हलतं तेव्हा
हातावर सहा बश्या घेऊन मी एका पायावर उभा राहतो, सर.
डाव्याच.

लवू खोबरेकर पेजेसाठी रडला
आणि तीन महिन्यांत परत आला.
शेरा होता, "उंची कमी."
परत आल्यावर चार इंच वाढला.
फळ संशोधन केंद्रात काजूची कलमं बांधतो.
मी एकदा रोपं आणायला गेलो तर पट्टी गुंडाळत म्हणाला,
"वेंगुर्ला-सात तिसऱ्या वर्साक धरता.
पण मास्तर, एखादा सात वर्सां नुसती पानाच काढता.
तेका काय उपटूचा?"
मी पैसे मोजत राहिलो.

हनुमंत आरोसकरबद्दल इथे लिहीत नाही.
त्याची आई अजून याच वाटेने पाण्याला जाते.

आणि एक सहावं नाव.
लिहून मग खोडलेलं, इतक्या जोरात की पान फाटलंय.
उजेडात धरलं, उलटं धरलं,
एक काना दिसतो. बाकी शाई.
कोण होता तो?
बाजारात पस्तिशीतल्या कुणी थांबून नमस्कार केला
की हल्ली मी आधी त्याचे पाय बघतो.

राहिला इरफान मुजावर.
"साधारण. राखीव म्हणून ठीक."
अकरा हंगाम खेळला.
मधल्या फळीत, आवाज न करता,
एक माणूस जिथे हवा तिथे आधीच उभा.
सलूनमध्ये पेपर वाचताना त्याचं नाव दिसलं
की मी खुर्चीत जरा ताठ बसायचो,
न्हाव्याला सांगायचो, माझा मुलगा हा. म्हणजे, मी निवडलेला.

परवा ईदनंतर आला, शिरखुर्म्याचा डबा घेऊन.
पोट सुटलंय थोडं, कानावर पांढरे केस.
बोलता बोलता विचारलं त्याने,
"सर, तुम्ही माझ्यापुढे काय लिहिलं होतं?"

वही माझ्या मागच्या फळीवर होती.
मी म्हणालो, "लिहिलं होतं, दमाचा आहे."

तो हसला.
"काट्यावर बसलो होतो ना, सर,
वही तुमच्या हातात उघडी होती.
उलटी वाचली मी."

मी स्वयंपाकघरात गेलो. चहा ठेवला. बराच वेळ ठेवला.
परत आलो तर तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता,
मागच्या महिन्याचं पान त्याने फाडून नीट घडी केली होती.
मग आम्ही चहा घेतला.
बिस्कीट बुडवताना अर्धं त्याच्या कपात पडलं.
त्याने ते चमच्याने काढून खाल्लं,
साधारण माणसं खातात तसं.