काठ

चाळीस फूट भिंत, घाटामागच्या गल्लीत.
एका टोकाला बंद रेशन दुकानाचं शटर,
दुसऱ्या टोकाला नळ: चारला येतो, साडेचारला जातो.
मी सोबत आणलं होतं ब्रश, संस्थेचं पत्र
आणि एक कल्पना, आधीच वाळलेली.
पुराची रेघ.
पाणी जिथवर चढलं तिथवर
ज्यानं त्यानं आपल्या हातानं ओढायची.

शेवंता कोळेकर हळदीच्या पेठेतून आली,
नखांत पिवळं, कमरेवर हात.
पूर आमी बगितलाय, म्हणाली.
त्यो परत भितीवर कशापायी?
येलबुट्टी काढा.

मी म्हणालो, वेलबुट्टी काय, कुठंही असते.

आमच्याकडं न्हाय.

तीन दिवस मी त्या वाक्यावर काम केलं.
ते अजून ओलं आहे.

मग भांडण लागलं, हिरव्यावरून.
रहिमतबी शिकलगार डब्यात बोट बुडवायची,
उजेडात धरायची, फडक्याला पुसायची.
ह्यो शेवाळाचा. ह्यो दवाखान्याचा.
मला कवळ्या शाळूचा पायजे,
हुरड्याच्या आदल्या आठवड्याचा.
दोन तास.
संस्थेच्या बाई घड्याळ बघत होत्या.
त्यांच्या तक्त्यात सहभागाचा रकाना होता:
एकवीस महिला, सात मुलं.
हिरव्याला रकाना नव्हता.

एका रात्री मी एकटाच गेलो, टॉर्च घेऊन.
बाळाबाई वडरचा मोर:
मान बाटलीसारखी, पाय तीन की चार, कळेना.
मी मान वळवली. फक्त मान.
सकाळी ती त्याच्यापुढं बराच वेळ उभी राहिली.
चांगला झालाय, म्हणाली.
कुणाचा हाय?

मोर तसाच राहिला. तिचे पाय, माझी मान.
खरं सांगू? अजूनही धड दिसत नाही,
आणि त्यातले पाय बरे आहेत.

शेवटच्या दिवशी वेली वर पोचल्या होत्या,
मधे हातभर पट्टा कोरा.
शेवंतानं कुणाला माप विचारलं नाही.
भिंतीला पाठ लावली,
गळ्याशी हात आडवा धरला: हितवर.
बाळाबाईनं सुतळी हळदीत बुडवून ताणली,
गवंड्यासारखा एकच झटका दिला,
आणि चाळीस फूट पिवळं उमटलं.

मला वाटलं, आली एकदाची माझी रेघ.
पण शेवंता तिच्यावर दात काढत निघाली,
लाल, बारीक, एकाला एक लागून,
इरकलीला असतात तसे.
मी विचारलं, हा नदीचा का लुगड्याचा?
काठ हाय, ती म्हणाली.
सरका, नळ आलाय.

परवा तिचा फोन आला. बाहेर श्रावण,
बातम्यांत आयर्विन पुलाजवळचे फुटांचे आकडे.
मी घाबरून विचारलं, पाणी कुठवर आलंय?
त्ये ऱ्हाऊ द्या, म्हणाली.
हिरवा उडालाय.
त्योच घेऊन या, शाळूचा. दुसरा नगं.