खरी नक्कल

बांधली कुणी, ते कोनशिलेवर आहे.
दगड कुणी फोडला, ते नाही.
पायऱ्या अकरा, मधोमध झिजलेल्या,
कडेला मात्र टाकीचे घाव अजून ताजे.
कोर्टात कडेकडेनं कुणी चढत नाही.

भिंत दोन हात जाड, चुन्याची.
एप्रिलात बाहेर सोलापूर तव्यावर,
आत माठाला टेकून बसल्यासारखं.

साहेबांच्या खुर्चीमागे, आढ्याखाली, एक भोक आहे
रुपयाएवढं.
पंख्याची दोरी तिथून जायची
व्हरांड्यातल्या मल्लय्या गुर्रमच्या अंगठ्यापर्यंत.
खटले त्यानं पाहिले नाहीत, फक्त ऐकले.
म्हणे, साक्ष खोटी पडू लागली
की त्याचा पाय थांबायचा,
नि घामेजलेले साहेब मान वर करायचे.
बाररूममध्ये रचलेली गोष्ट असेल.
भोक खरं आहे. मी बोट घालून पाहिलंय.

पिंजऱ्याचा कठडा सागाचा,
एकाच जागी आरसा झालेला.
मागावरचे तळवे, बांगड्या, विडीचा वास,
खरं सांगेन म्हणताना
सगळ्यांनी तिथंच घट्ट धरलं.

मी नक्कल विभागात. एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या भांडणाखाली शिक्का मारला: खरी नक्कल.
काल दप्तर नव्या इमारतीत गेलं,
मोडीतले रुमाल सगळ्यांत शेवटी, टेम्पोत.
हणमंतू शिपायानं रिकाम्या व्हरांड्यात
उगाच पुकारा केला,
नाव न घेता, नुसतं
हाजीर होऽऽ
कमानींनी ते तीनदा परत केलं.

हजर, म्हणालो मी. हळूच.
मग कुलूप लावलं.
किल्लीची नोंद करायची राहिली.