ओढ्याच्या अलीकडचं

गुरुवारी नऊ ते बारा, एवढाच वेळ उघडी असते ती रोपवाटिका,
मेलबर्नच्या पश्चिमेला, पाण्याच्या टाक्यांमागे.
रात्रपाळी उरकून मी थेट तिथे गेले,
हॉस्पिटलचे बूट तसेच पायात.

काय हवंय, असं मर्ना विचारत नाही.
ती विचारते, राहतेस कुठे?
ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?
सोयरीक जुळवायला बसल्यासारखी.

अलीकडे, म्हटलं. त्या नव्या वसाहतीत,
सगळी घरं जिथे एकाच राखाडी रंगाची.
आणि जमीन?
जमीन कुठली, दगड. कुदळ मारली की ठिणगी उडते.
काळा दगड ना? मग झालं तर, ती म्हणाली.

मी एका लाल फुलाकडे बोट दाखवलं.
ते तुझं नाही. ते समुद्राकाठचं.
जगेल तुझ्याकडे, पण पाहुण्यासारखं,
सारखं काहीतरी मागत.
मग तिने माझ्या हातात बारा नळकांड्या ठेवल्या,
एकेक चार डॉलरची,
बोटभर माती आणि तीत केसाएवढं काहीतरी हिरवं.
खत नको. पाणी पहिला उन्हाळाच.
लाड केलेस तर मरतील.

लाड केलेच. तीन मेली.

कुंपणापलीकडून चेन्सू ग्रेक बघत होता,
वसाहत यायच्याही आधीपासूनचा माणूस,
माल्टाहून बोटीने आलेला,
टोमॅटोच्या काठ्या शाळेतल्या मुलांसारख्या रांगेत उभ्या करणारा.
पैसे मोजून तण आणलंस? तो म्हणाला.
चाळीस वर्षं उपटतोय मी हे. फुकट दिलं असतं.

पुढचा सगळा हिवाळा काहीच झालं नाही.
कांगारू गवताने तेवढा जीव धरला, तांबूस, विस्कटलेलं,
झोपेतून उठलेल्या पोराच्या डोक्यासारखं.
बाकीच्यांची मी आशा सोडली होती.

दुसऱ्या नोव्हेंबरात, ऊन चढलेल्या एका दुपारी
एका काडीवर चार जांभळी फुलं,
आणि वास चॉकलेटचा.
अगदी वेष्टण आत्ताच सोडल्यासारखा.

चेन्सू पाण्याचा पाइप हातात धरून थांबला.
पाणी त्याच्याच बुटांवर वाहत राहिलं.
हे काय आहे?
लिली. इथलीच.
कुठली इथली?
मी नळकांडीवरची पट्टी शोधून काढली,
पेन्सिलची अक्षरं पुसट होत आलेली:
बियाणं, जुनी दफनभूमी, रेल्वेकडची कड.

तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, जुझा तिथे आहे.
दर रविवारी जातो. कात्री घेऊन.
तिच्या भोवतीचं गवत अगदी बारीक ठेवतो मी.
आणि दर वर्षी याच दिवसांत
तिथे चॉकलेटचा वास येतो.
मला वाटायचं, कोणीतरी माझ्या बायकोला चॉकलेट आणून ठेवतं.
सहा वर्षं मी त्या माणसाला शोधतोय.
एकदा तर झाडामागे लपून बसलो होतो.

मी हसले. तो हसला नाही. मग हसला.

गुरुवारी तो माझ्याही आधी पोचला,
इस्त्रीचा शर्ट, खिशात सुटी नाणी.
मर्नाने विचारलं, राहतोस कुठे?
माझं सोड, तो म्हणाला.
ती अलीकडे आहे.

मर्नाने पाच नळकांड्या काढल्या. एक बाजूला ठेवून बदलली.
कात्री कधी चालवायची, त्याने विचारलं.
फुलं झडून बी सांडल्यावर. वर्षातून एकदा.
एकदाच?
त्याला ते फार कमी वाटलं.
रविवार बावन्न असतात, म्हणाला,
मग मी तिथे जाऊन करू काय?