बारा वाजलेला चेहरा

कुताइसीत तेव्हा माझ्या दुकानात सहा कॉम्प्युटर होते,
त्यातला एक कायमचा आजारी.
तासाला एक लारी. वीज गेली तर निम्मे पैसे परत.

गोचानं अख्खी संध्याकाळ घालवून
शेजाऱ्याच्या बोकडाला मंत्र्याची टोपी चढवली,
एकेक ठिपका घासून,
खाली जाड पांढरी अक्षरं: उद्या या.
चित्र वरून खाली उतरायचं, ओल चढावी तसं उलटं,
आधी टोपी, मग शिंगं,
दाढीपर्यंत यायचं की वीज गुल.
उरलेला बोकड ज्याचा त्यानं मनात काढायचा.
आम्ही अंधारातच हसलो.

तो बोकड तीन वर्षं पुरला.
बातुमीच्या कुणा अनोळखी पोरानं
तो आम्हालाच पाठवला, "हे बघितलंत का?" म्हणून.
गोचानं त्या दिवशी सगळ्यांना लिंबूपाणी पाजलं.

आता मी फोनची कव्हरं विकतो.
परवा समोरची चीजवाली नानुली आली:
"माझं तोंड कुठं कुठं फिरतंय, बघून सांग."
चौथ्यांदा फुकट चव मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडं
तिनं जे पाहिलं होतं, ते कुणीतरी टिपलं.
सहा सेकंद.
दुपारपर्यंत ती ब्राझीलमध्ये पंचावर चिडली होती,
लागोसमध्ये घरमालकावर,
कुठंतरी सोमवारवर.

"इथं मी काय म्हणतेय?"
मी अर्थ लावत गेलो. बराचसा अंदाजानंच.
"आणि इथं? इथं तर अक्षरंच नाहीत."
"आता लागत नाहीत, नानुली.
जो पाठवतो, तोच बोलतो."
"माझ्या तोंडानं?"
मी कव्हरं नीट लावू लागलो.

गुरुवारी ती संपली.
मनिलातला एक हंस आला, शटरमध्ये मान अडकलेला.
बाजारात कुणी तिच्यासोबत फोटो काढेना.
चीजचा भाव होता तोच राहिला.

फक्त नात, एलेने, लोजच्या गोदामात रात्रपाळीला असते,
ती पहाटे खोलीवर पोचली की
आजीलाच आजीचं तोंड पाठवते.
एक शब्द नाही. फोन तर नाहीच.
"पोचली म्हणायची," नानुली म्हणते
आणि मग अर्धा तास झोपते.

काल दुकान बंद करताना आली.
"उलट मी काय पाठवू?
तुमचा तो बोकड आहे का अजून?"

तो आजारी कॉम्प्युटर मी माळ्यावरून उतरवला.
टोपी सापडली. शिंगं सापडली.
दाढी उघडेना.
ती म्हणाली, "एवढाच दे. तिला कळेल."