अंदाजपत्रक

समितीला स्लॅब हवा होता.
मी गेलो ते टेप, छापील फॉर्म
आणि संध्याकाळच्या एसटीची वेळ डोक्यात घेऊन.

कातळवेळीचं चुडेश्वराचं देऊळ
रस्त्याकडे पाठ करून बसलंय.
माणसं आता घाटावरून येतात
हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.
दार पश्चिमेला. खाऱ्या वाऱ्याने चाटून चाटून
नंदीचं वशिंड वासराएवढं उरलंय.
जांभ्याचं झालंय मधाचं पोळं,
बोट घातलं तर पेरभर आत जातं.
दीपमाळ सतरा हात, डावीकडे किंचित कललेली,
कानोसा घेतल्यासारखी.

रवळू गुरव टेपचं दुसरं टोक धरून
कथा सांगत होता, मी आकडे विचारत होतो,
म्हणून वहीत दोन्ही मिसळलंय:
केणी नावाचा व्यापारी, भिंतीची जाडी पावणेतीन फूट,
गलबतभर खोबरेल, अवस, वादळ,
गाभारा आतून सहा बाय सहा,
तीन रात्री किनारा सापडेना,
आणि तिसऱ्या रात्री खडकावर एक उजेड.
त्याच्या रोखाने सुकाणू वळवलं.
सकाळी तिथे माणूस नव्हतं.
एक काळा दगड होता, आणि शेजारी
झावळीच्या चुडीचं जळून उरलेलं थोटूक.

"देव स्वता चूड धरून उभो रवलो," रवळू म्हणाला.
त्याची बायको पाण्याचा तांब्या ठेवून जाताना
माझ्याकडे न बघता बोलली,
"कुर्ल्यो पकडूक गेलेली आसतली कोण तरी.
अवशेच्या रातीक आमी आजून जातंव."
रवळूने टेप ताणला.
"लिवा, साडेनऊ."

केणीने देऊळ बोललं. पण वेळीत
देवळं बांधणारा कुणी नव्हता.
होता भिवा मेस्त्री, मचवे बांधणारा,
ज्याने जन्मात शिखर पाहिलं नव्हतं.
हे ऐकत मी सभामंडपात पाठ टेकली,
मापाला सोयीचं म्हणून,
आणि वर पाहिलं.

वर मचवा होता. उलटा.
आढ्याच्या जागी पठाण,
दोन्ही अंगांना अकरा अकरा वाक फणसाचे,
फटींत राळ आणि काथ्या,
उंडेल तेल पिऊन पिऊन काळं पडलेलं लाकूड.
नाळ समुद्राकडे.
बुडणाऱ्याला शेवटी हेच दिसत असेल, वाटलं,
आणि भीती वाटली नाही
याचंच जरा नवल वाटलं.

उजवीकडच्या सातव्या वाकात
एक भोक रिकामं.
"इथली खुंटी?"
"ती घराक. भाताच्या कणगीत. भिवान मारूकच नाय.
पुरी झालेली होडी किनाऱ्यार रवना नाय, सायबा.
जातंय, म्हणता."

फॉर्मवर छपराचा प्रकार:
कौलारू, पत्रा, काँक्रीट. एकावर खूण करा.
बराच वेळ पेन उघडं राहिलं.
कौलं फुटलीत, खरं आहे.
चार वाकांना वाळवी आहे, तेही खरं,
आणि लाकडाला असं वाकवणारा हात
आता कुठून आणायचा?
समितीचं तसं काही चुकत नाही.
शेवटी तिन्ही चौकोन सोडून
समासात पेन्सिलीने लिहिलं:
मचवा, नग एक. दुरुस्तीयोग्य.
खुंटी मारू नये.

एसटी चुकली.
ओहोटी लागली होती. खडकांवर
कुणी बाई कपाळाला बॅटरी बांधून
कपारी चाचपत होती.
तिने मान वर केली की पाणी दिसायचं,
खाली घातली की नुसता आवाज.
मागे रवळूने सांजवात लावली.
त्या दोन उजेडांमधलं अंतर
मोजायचं राहिलं.